गाडी आधी, दिवा मग

आमच्या गल्लीत केराची गाडी येणार हे कळल्यावर मी फुगडी घालायचीच तेवढी बाकी ठेवली होती. हसू नका. तुमच्या घराच्या भिंतीला उकिरडा चिकटलेला नाही म्हणून तुम्हाला हसू येतं.

आमचं घर अंबरनाथला, बुवापाड्यातल्या एका अरुंद गल्लीच्या टोकाला. मागच्या भिंतीला लागून जमिनीचा एक मोकळा तुकडा होता. तो कुणाच्या मालकीचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तिथं केर टाकायचा हक्क मात्र अख्ख्या गल्लीला जन्मतःच मिळालेला होता. भाजीची देठं, अंड्यांची टरफलं, फुटक्या बाटल्या, दुकानदार हल्ली कशालाही द्यायला लागले होते त्या पातळ पिशव्या, सगळं तिथं. मोठी लॉरी गल्लीत शिरायची नाही, त्यामुळे ढीग वाढतच जायचा. फारच वाढला की कुणीतरी संध्याकाळी हळूच काडी लावायचं. मग तो धुमसत राहायचा आणि सगळा धूर आमच्या घरात.

घरात सासूबाई, दम्याच्या पेशंट. नाव इंदुबाई, गल्लीच्या इंदुकाकू. धूर आला की त्या पलंगावर उठून बसायच्या, पदराचा बोळा तोंडाशी धरायच्या आणि एकेक श्वास ओढून ओढून घ्यायच्या. तो आवाज ऐकवत नसे. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी तो धूर बंद करा, नाहीतर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही. मी काडी लावणाऱ्याला पकडायला काठी घेऊन दबा धरून बसले होते, शिव्या घातल्या होत्या, एकदा तर कोंडाजींच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं होतं. बिचारे तिथं फक्त विडी पेटवत होते.

तर त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, सुरतेत प्लेग आला आणि आमच्याकडे एकदम सगळ्यांना उंदीर दिसायला लागले. जिकडेतिकडे सफाई सुरू झाली. अशातच दसऱ्यानंतर एका सकाळी आनंदा मुकादम आमच्या दारात येऊन उभा राहिला. केर उचलणाऱ्या ठेकेदाराकडे तो कामाला होता.

"वैनी, तुमच्यासाठी छोटा ट्रॅक्टर काढलाय. गल्लीत आरामात घुसतो," तो म्हणाला. "घंटी वाजवणार, तुम्ही डबा आणून ओतायचा. बस्स. तो मागचा उकिरडा साफ करून वर तारेचं कुंपण मारून देतो. टेन्शन खलास."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सोमवारपासून. पण एक बात आहे. दिवसभर गाडी बाजारात असते, तुमच्याकडे संध्याकाळीच येणार. आणि दिवाळीपर्यंत ट्रायल. दिवाळीच्या आधी आमचे सुपरवायझर हेमचंद्रसाहेब स्वतः बघायला येणार. गल्लीतून माल मिळाला तर गाडी कायम. नाय मिळाला तर पलीकडच्या गल्लीवाले लाईन लावून उभे आहेत."

"माल?" मी म्हटलं. "अरे, आमच्या गल्लीचा माल बघून तुझा ट्रॅक्टर बसकण मारेल!"

त्या दिवशी स्वयंपाकात माझं लक्ष नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं, पण कुणी काही बोललं नाही, कारण मी बोलायची उसंतच दिली नाही. दुपारी पदर खोचून घरोघर निघाले. ओला केर बादलीत, काच आणि ब्लेडची पाती वेगळ्या डब्यात, रद्दी नि बाटल्या भंगारवाल्याला, असं सगळ्यांना पढवत सुटले. हे आनंदनगरला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादल्या साहेबांना विचारून आणल्या. गुरुदत्त नाव असलेला माणूस खांद्यावर बादल्यांची माळ घालून स्टेशनवरून चालत आला हे दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. कौसाबाईनं तर आपल्या बादलीवर चुन्यानं फुलं काढली. कौसाबाई देशावरची, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. नवरा आनंदनगरलाच भट्टीवर. ती म्हणाली, "वैनी, गणपती बसायच्या आदल्या दिशी वाटतं ना, तसं वाटतंय बघा." आणि खरंच तसंच वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी घंटा वाजली. मी बादली उचलली, चपला न घालताच धावले, आणि उंबऱ्यापाशी माझे पाय थबकले.

आत देवापुढे दिवा लागला होता. सासूबाईंनी नुकताच लावला होता, उदबत्तीचा वास अजून ताजा होता.

"वृंदा," त्या आतून म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, नुसतं नाव घेतलं.

दिवेलागण झाली की घरातला केर बाहेर टाकायचा नाही. केराबरोबर लक्ष्मी निघून जाते. हे मला काही सासूबाईंनी शिकवलेलं नव्हतं. माझ्या आईनं, तिच्या आईनं, सगळ्यांनी लहानपणापासून अंगात मुरवलेलं. इतके दिवस मी गाडीचे गोडवे गाते आहे, बादल्या वाटते आहे, आणि गाडी संध्याकाळी येणार याचा अर्थ काय, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं! मी पाय बाहेर टाकायला गेले. पडेना. माझा मलाच इतका राग आला की काय सांगू.

गल्लीत वाकून पाहिलं तर दारादारात बायका बादल्या घेऊन उभ्या. सगळ्या उंबऱ्याच्या आत. सगळ्यांच्या पाठीमागे दिवा. एकीचाही पाय बाहेर पडेना.

आनंदानं घंटा बडवली. मग ट्रॅक्टरवर उभा राहून तो इकडेतिकडे बघायला लागला. "ओ ताई, ओ वैनी, बादली हातात आहे ना? मग आणा की! फोटो काढायचाय काय?"

शेवटी एकटे कोंडाजी खाली उतरले. म्हातारा एकटा राहायचा, देवाशी त्याचं भांडण होतं, दिवा-बिवा तो लावत नसे. त्यानं कांद्याची सालं आणि विडीची थोटकं मोठ्या ऐटीत ट्रॅक्टरमध्ये टाकली आणि आमच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. तेवढं एक पुडकं घेऊन ट्रॅक्टर निघून गेला.

त्या रात्री जेवताना मी ताटाशी भांडत होते. हे म्हणाले, "अगं, सोपं आहे. दिवे लागायच्या आधीच बादल्या बाहेर ठेवून द्या. गाडी आली की आनंदा उचलेल."

स्टोअरकीपरचं डोकं ते! दुसऱ्या दिवशी आम्ही तसंच केलं. गल्लीभर बादल्या ओळीनं मांडल्या. गाडी यायच्या आत कुत्र्यांनी आणि डुकरांनी एकूणएक बादली आडवी केली. आनंदा आला तेव्हा ट्रॅक्टरला जायला वाट नव्हती, तो तोंडावरूनच परत फिरला. सगळा केर आम्ही खराट्यानं पुन्हा गोळा केला, आणि तोवर काळोख पडून दिवे लागले. मग तो केर कुठे गेला? मागच्या उकिरड्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी कुणीतरी त्याला काडी लावली.

मग सासूबाईंचा श्वास लागला. मी पाठ चोळत होते, गरम पाणी देत होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ज्यांच्यासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते त्यांनीच मला उंबऱ्यात अडवलं होतं. जरा त्यांना उतार पडल्यावर माझ्या तोंडून गेलंच.

"आई, लक्ष्मी जाईल म्हणून केर घरात ठेवायचा, आणि तुमचा श्वास जातोय त्याचं काय? एवढंच आहे तर दिवाच उशिरा लावा की!"

बोलले आणि जीभ चावली. सासूबाईंचा दिवा कधी चुकला नव्हता. सासरे गेले ते सुतक सोडलं तर तापात, पुरात, बाळंतपणात, शेजारणीकडून का होईना, पण तिन्हीसांजेला त्यांच्या देवापुढे दिवा लागलाच होता. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसाबाई आली. तिच्या मागे आणखी चारपाच जणी. सगळ्या थेट सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसल्या.

"काकू, तुमीच सांगा आता," कौसाबाई म्हणाली. "आमाला तर गाडी बी पायजे नि लक्ष्मी बी पायजे."

सासूबाई उठून बसल्या. त्यांनी केस सारखे केले, पदर सावरला. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी.

"दिवा लागल्यावर केर टाकायचा नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर?"

"बरोबर," सगळ्या म्हणाल्या.

"मग गाडी आधी, दिवा मग. घंटा वाजेल, केर जाईल, सगळ्यांनी हातपाय धुवायचे आणि दिवा लावायचा. लक्ष्मी स्वच्छ घरात यायला काही नाही म्हणत नाही."

"आणि काकू, लाईट?" एकीनं विचारलं. "बल्ब लावला तर चालेल का?"

"संध्याकाळी बल्ब लावल्यावर हात जोडतेस ना त्याला?"

"जोडते."

"मग तोही दिवाच. तोही मग."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. पण चहात आलं मात्र सढळ हातानं घातलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी काय वर्णाव्या! सूर्य कलला की गल्ली कान टवकारून बसायची. घंटेचा पहिला टोला पडला की धावाधाव. बादल्यांचा खणखणाट, पोरांचा आरडाओरडा, "आधी माझी, आधी माझी" म्हणून ढकलाढकली. आनंदाची कॉलर ताठ झाली होती. तो म्हणायचा, "वैनी, तुमची गल्ली बोले तो एकदम हिट!" आणि ट्रॅक्टर वळला की आतून एकेक दिवा लागायचा, सगळ्या गल्लीत एकदम उदबत्तीचा वास सुटायचा. मागचा ढीग वाढायचा थांबला. काडी लावायला कुणाकडे निमित्तच उरलं नाही. सासूबाई त्या आठवड्यात दोनदा चालत देवळापर्यंत जाऊन आल्या.

मग आला तो दिवस. हेमचंद्रसाहेब येणार होते. आदल्या दिवशी आनंदा बजावून गेला, "उद्या जोरात पाहिजे हां. साहेब खडूस आहे. त्याला पलीकडच्या गल्लीवाल्यांनी आधीच पटवलाय." दिवाळी तोंडावर होती, घराघरांत साफसफाई निघाली होती, त्यामुळे केर तर एवढा की बादल्या पुरेनात. लोकांनी गोण्या भरल्या, टोपल्या भरल्या. कौसाबाईनं जुनी गादी फाडून कापूस विकायला काढला आणि उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं दारात आणून ठेवलं.

सूर्य मावळला. घंटा नाही.

दिवस लहान झाले होते, बघता बघता काळोख दाटला. तरी घंटा नाही. स्टेशनाकडचे दिवे लागले, मोठ्या रस्त्यावरचे लागले, पलीकडच्या गल्लीतले लागले. आमची गल्ली काळीठिक्कर. काळोखात नुसती कुजबुज आणि बांगड्यांचे आवाज. कुणाचं तरी दूध उतू गेलं, त्याचा करपट वास आला. कंपनीतून परतणारे पुरुष ठेचकाळत येत होते आणि विचारत होते, "लाईट गेली काय?" आणि दारादारातून एकच उत्तर येत होतं, "नाही गेली. गाडी यायचीय!"

हे आले ते थेट सासूबाईंच्या अंगावर धडपडणार होते. त्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर काडेपेटी, हाताशी बादली.

"आई, अगं आता पुरे," हे म्हणाले. "दिवा लाव. तुझा जीव तिकडे देवापाशी आहे, मला कळत नाही का?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या. काडेपेटी त्यांच्या मुठीत चुरगळायला आली होती. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं. उद्या गाडी नसेल, परवा ढीग असेल, तेरवा धूर. आणि वर त्यांचा दिवा माझ्यापायी चुकला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. उजेडाचा झोत भिंतीवर पडला. "आली! आली!" पोरं ओरडली. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो, बादल्या उचलल्या.

आणि घंटा वाजलीच नाही. ट्रॅक्टर तोंडाशी क्षणभर थांबला, मागे सरला आणि पलीकडच्या गल्लीकडे वळला.

काय झालं ते नंतर आनंदानं सांगितलं. वाटेत टायर बसला होता, म्हणून उशीर. साहेबांनी गल्लीत पाहिलं तर मिट्ट काळोख. ते म्हणाले, "इथं लाईट गेलीय, लोक दारं लावून बसलेत. अंधारात कोण येतंय केर द्यायला? चल, त्या गल्लीत उजेड आहे, तिकडे घे." आनंदा समजावत होता, पण इंजिनाच्या आवाजात साहेबांना काही ऐकू गेलं नाही.

आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त गाडी जाताना दिसली. सगळी गल्ली जागच्या जागी खिळली. मीसुद्धा. मी, जिनं एवढा गाजावाजा केला, ती तोंड उघडं टाकून उभी!

"ए! थांब रे!"

कोण ओरडलं ते आधी मला कळलंच नाही. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. सासूबाई ओट्यावरून उतरल्या होत्या. नऊवारीचा ओचा एका हातात, दुसऱ्या हातात बादली, आणि त्या धावत होत्या. देवळापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसणारी बाई काळोखात, खड्ड्यांतून, ट्रॅक्टरमागे धावत होती!

"थांब मेल्या! आम्ही आहोत इथं! थांब!"

मग गल्ली फुटलीच. बायका धावल्या, पुरुष गोण्या खांद्यावर टाकून धावले, पोरं किंचाळत धावली. कोंडाजी एका हातानं लुंगी सावरत धावले. हे डब्याची पिशवी गळ्यात तशीच ठेवून कुणाची तरी टोपली घेऊन धावले. मी धावता धावता हसत होते आणि रडतही होते. पलीकडच्या गल्लीच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर ट्रॅक्टर थांबला. साहेब मागे वळून बघतात तर काळोखातून अख्खी गल्ली केर घेऊन अंगावर येतेय. आनंदा म्हणतो, साहेबांना वाटलं मारायलाच आले.

सासूबाई पहिल्या पोचल्या. त्यांनी बादली वर केली, आनंदानं झेलली, ओतली. मग त्या चाकाला टेकून उभ्या राहिल्या. छातीचा भाता झाला होता. मी त्यांना धरलं. आजूबाजूला गोण्यांवर गोण्या पडत होत्या.

"अहो, पण दिसत नाही काही," साहेब ओरडले. "कुणीतरी कंदील आणा, बॅटरी आणा!"

एक बाई खरंच घराकडे पळणार होती.

"खबरदार!" सासूबाईंना धड श्वास घेता येत नव्हता, तरी त्या ओरडल्या. "खबरदार कुणी दिवा लावला तर. कौसाबाईचं गाठोडं अजून आलेलं नाही."

साहेबांना काही कळेना. आनंदाला कळलं. त्यानं वाकून ट्रॅक्टरचे हेडलाईट बंद केले.

आम्ही सगळे काळोखात गप उभे राहिलो. गल्लीच्या त्या टोकाकडून कौसाबाई गाठोडं ओढत, धापा टाकत येत होती. ती आली. चार हातांनी गाठोडं वर गेलं. ट्रॅक्टर शिगोशिग भरला होता, वरून चिंध्या लोंबत होत्या. आनंदानं साहेबांच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगितलं. साहेब ट्रॅक्टरवरून खाली उतरले आणि सासूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"आजी, गाडी तुमच्याच गल्लीत येईल," ते म्हणाले. "रोज."

सासूबाईंनी मान हलवली. माझ्या दंडावरची त्यांची पकड जराही सैल झाली नव्हती.

"रोज या," त्या म्हणाल्या. "पण जरा लवकर या. आज मी देवांना अंधारात बसवून आलेय."